एक नाव, अनेक पात्रे : 'शिझुका' नावाची नोंदवही कशी लावावी

मांगा आणि अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चित्रकथा आणि जपानी कार्टून-मालिका यांच्या गप्पा रंगात आल्या की कधी ना कधी असा प्रसंग येतोच की, दोन जण एकच नाव घेऊन दोन निराळ्या पात्रांविषयी तावातावाने बोलत असतात आणि ते त्यांच्या ध्यानातही येत नाही. साकुरा, अकिरा, युकी, माकोतो, शिझुका अशी काही नावे जपानीत इतकी रुळलेली आहेत की, एका चित्रकथाकाराने नाव वापरले म्हणून दुसरा ते टाळत नाही. आपल्याकडे सांगली-मिरजेच्या मुलांना 'शिझुका' म्हटले की डोरेमॉनमधली, नोबिताची मैत्रीण आठवते, कारण हिंदीतून लागणारी ती मालिका पाहतच ती वाढली आहेत. मात्र हीच मुले महाविद्यालयात जाऊन इतर मालिका पाहू लागली की त्यांना एकामागून एक शिझुका भेटू लागतात आणि कोणती कुठली, याचा गोंधळ सुरू होतो. शाळेच्या ग्रंथालयात, गल्लीतल्या वाचनालयात किंवा मित्रमंडळीत ज्यांना असा गोंधळ निस्तरायचा असेल, त्यांनी एका नावाची नोंदवही करावी. ती कशी करावी, हे येथे शिझुका या एकाच नावाच्या आधारे सांगितले आहे, कारण या नावात जेवढ्या अडचणी एकत्र आढळतात तेवढ्या क्वचितच दुसऱ्या नावात आढळत असतील.

पहिला निर्णय वहीच्या मर्यादेचा आहे आणि तो लेखणी उचलण्यापूर्वीच घ्यावा. नोंद फक्त मांगा, अ‍ॅनिमे आणि ज्यांच्यावर अ‍ॅनिमे निघाले अशा कादंबऱ्या व खेळ यांतील पात्रांची करायची, की खऱ्या व्यक्तींचीही? माझ्या मते खऱ्या व्यक्ती मुख्य वहीत आणू नयेत. त्यांच्यासाठी शेवटचे एक पान राखून ठेवावे. त्या पानाचा उपयोग आहे, तो पुढे येईल. ऐतिहासिक व्यक्तींपैकी एकच नाव तेथे अवश्य असावे आणि ते म्हणजे बाराव्या शतकातील नर्तकी शिझुका गोझेन. योद्धा मिनामोतो नो योशित्सुने याची ती प्रेयसी होती. डोरेमॉनमधल्या शिझुकाचे आडनाव मिनामोतो आहे, हे लक्षात घेतले की त्या मुलीचे पूर्ण नाव जपानी वाचकाच्या कानाला का ओळखीचे वाटते ते समजते.

दुसरा निर्णय देवनागरी लेखनाचा. हिंदीत हे नाव नुक्ता देऊन 'शिज़ुका' असे लिहितात, काही जण 'शिजुका' लिहितात आणि मराठीत 'शिझुका' हे रूप अधिक स्वाभाविक आहे, कारण परभाषेतील हा उच्चार आपण झ नेच दाखवतो. 'पिझ्झा' आणि 'झेरॉक्स' ही उदाहरणे रोजची आहेत. कोणते रूप अधिक शुद्ध, यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक रूप शीर्षनोंद म्हणून पक्के करावे आणि उरलेल्या रूपांपुढे 'शिझुका पाहा' एवढेच लिहावे. हे न केल्यास संगणकावरच्या यादीत एकच पात्र दोन ठिकाणी जाऊन बसते आणि शोध घेताना त्यांतील एकच हाती लागते. रोमन लिपीतही हाच प्रकार होतो, कारण जपानमध्ये रोमनीकरणाच्या एकाहून अधिक पद्धती असल्याने काही ठिकाणी 'शि' हा उच्चार एच शिवाय, नुसत्या एस आणि आय या अक्षरांनी लिहिलेला असतो. शोधताना दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

यानंतर खरे काम सुरू होते, ते नाव आणि आडनाव वेगळे करण्याचे. जपानीत आडनाव आधी येते आणि व्यक्तीचे स्वतःचे नाव नंतर. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटावर 'पाटील सचिन बाळासाहेब' असे लिहितात आणि वर्गात मात्र सचिन पाटील म्हणून हाक मारतात, तसाच हा मामला आहे. सांगली जिल्ह्यातल्या वर्गात पाटील एक नसतोच, म्हणून मास्तर आडनावावर न थांबता पुढचे नाव वाचतात आणि तेही जुळले तर वडिलांच्या नावापर्यंत जातात. डोरेमॉनचा नायक मूळ जपानीत 'नोबी नोबिता' आहे, आपल्या कानावर पडतो तो 'नोबिता नोबी'. त्यामुळे इंग्रजी उपशीर्षकांवरून नाव उतरवून घेताना तेथे कोणता क्रम पाळला आहे, हे आधी तपासावे. एखाद्या मालिकेत मूळ क्रम तसाच ठेवलेला असतो, दुसरीत उलटवलेला असतो. वहीत नेहमी आडनाव आधी आणि नाव नंतर असाच क्रम ठेवावा आणि दोन्हींना स्वतंत्र रकाने द्यावेत. शिझुकाच्या बाबतीत ही अडचण मर्यादित आहे, कारण ते बहुधा स्वतःचे नाव म्हणूनच येते. साकुराची वही करणाऱ्याला मात्र हा रकाना पावलोपावली लागेल. 'नारुतो'मधील हारुनो साकुरा हिचे साकुरा हे नाव आहे आणि 'मादोका मागिका'मधील साकुरा क्योको हिचे ते आडनाव आहे.

आता मूळ लिपीचा रकाना. यात पात्राचे नाव जपानीत नेमके कसे लिहितात, ते उतरवायचे असते. जपानीत नावे बहुधा अर्थ असलेल्या चिन्हांनी लिहितात, त्यामुळे उच्चार एकच असला तरी लेखन अनेक प्रकारचे असू शकते आणि या वहीचा निम्मा उपयोग या रकान्यातच आहे. शिझुका हे नाव लिहिण्याचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे 'शांत' या अर्थाचे एकच चिन्ह. ते चौदा रेघांचे असते, त्याच्या डाव्या अर्ध्या भागात 'निळा-हिरवा' या अर्थाचे चिन्ह असते आणि उजव्या अर्ध्या भागात 'झगडा' या अर्थाचे. या एका चिन्हाचे नाव असलेली पात्रे अशी : क्लॅम्प या लेखिका-गटाच्या 'होलिक' या २००३ साली सुरू झालेल्या मांगातील दोमेकी शिझुका, आणि 'ओरेगाइरु' या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या, २०११ पासून प्रसिद्ध झालेल्या कादंबरीमालेतील व तिच्यावरील अ‍ॅनिमेतील शिक्षिका हिरात्सुका शिझुका.

याच चिन्हापुढे 'सुगंध' या अर्थाचे नऊ रेघांचे चिन्ह जोडले की दुसरा प्रकार होतो. डोरेमॉनमधली मिनामोतो शिझुका, 'हायस्कूल ऑफ द डेड' या २००६ साली सुरू झालेल्या मांगातील शाळेची परिचारिका मारिकावा शिझुका आणि 'आयडॉलमास्टर मिलियन लाइव्ह' या खेळातून आलेली व २०२३ च्या अ‍ॅनिमेत दिसणारी मोगामी शिझुका या तिघींची नावे अक्षरशः सारखी लिहिली जातात. सुगंधाऐवजी फुलाच्या बहराचे चिन्ह घेतले की तिसरा प्रकार होतो. 'डिटेक्टिव्ह कोनन'मधील ओसाकाचा हात्तोरी हेइजी याच्या आईचे, हात्तोरी शिझुकाचे, नाव असे लिहितात. हिनो मात्सुरी यांच्या 'व्हॅम्पायर नाइट'मध्ये शुद्ध रक्ताच्या पिशाच्च घराण्यातील हिओ शिझुका आहे आणि तिच्या नावाचे चिन्ह सर्वस्वी निराळे आहे : दाराच्या चौकटीत उभे असलेले झाड, एकूण बारा रेघा. अर्थ पुन्हा निवांतपणाशी संबंधितच आहे, पण डोळ्यांना ते वेगळे दिसते आणि वहीत उतरवताना ते वेगळेच दिसले पाहिजे.

पाचवा प्रकार चिन्हे अजिबात न वापरता हिरागाना या जपानी उच्चारलिपीतील तीन अक्षरांनी नाव लिहिण्याचा. अ‍ॅनिमे बनवणाऱ्यांच्या जीवनावरच आधारलेली 'शिरोबाको' ही मालिका २०१४-१५ मध्ये आली. तिच्यातील आवाज-कलाकार होऊ पाहणारी साकाकी शिझुका आणि 'ताकोपी नो गेन्झाई' या २०२१-२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लहानशा मांगातील कुझे शिझुका यांची नावे अशी लिहिली जातात. 'जोजो' या मांगाच्या चौथ्या भागात तर अदृश्य होणाऱ्या एका तान्ह्या मुलीला दत्तक घेऊन तिचे नाव शिझुका जोस्टार असे ठेवले आहे. येथे आडनाव परदेशी असल्यामुळे नाव आधी येते, आणि रकाना भरताना ही अपवादाची खूण शेजारी करून ठेवावी.

चिन्हे हाताने उतरवायची म्हणजे कठीण काम आहे, असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात ते तसे नाही. मोबाइलच्या कळफलकाच्या सेटिंगमध्ये जपानी भाषा जोडून घ्यावी आणि रोमन अक्षरांत शिझुका टंकावे. वरच्या पट्टीत वर सांगितलेली निरनिराळी रूपे एका रांगेत दिसू लागतात. त्यांतील नेमके रूप कोणते, हे मात्र पट्टी सांगत नाही. ते मूळ पुस्तकातून किंवा मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरील पात्रपरिचयातून पाहावे लागते. मुलांसाठीच्या मांगा-साप्ताहिकांत प्रत्येक चिन्हाच्या बाजूला बारीक अक्षरांत त्याचा उच्चार छापलेला असतो, त्याला फुरिगाना म्हणतात. मोठ्यांच्या मासिकांत तो पुष्कळदा नसतो. ज्या पानावर फुरिगाना आणि चिन्ह दोन्ही एकत्र छापलेले आहे, ते पान हा सर्वांत भक्कम पुरावा समजावा. त्याखालोखाल अ‍ॅनिमेच्या अखेरची श्रेयनामावली, कारण तिच्यात पात्राचे नाव आणि आवाज देणाऱ्याचे नाव समोरासमोर असते. विकिपीडियावर एकेका नावाच्या तयार याद्या असतात. शोध कोठून सुरू करावा हे कळण्यासाठी त्या उत्तम आहेत, पण त्यांवरून सरळ शाईने नोंद करू नये.

नाव कसे लिहिले आहे यावरून पात्र स्त्री की पुरुष, हे ठरवण्याचा मोह आवरावा. आमच्या विश्रामबागेतल्या वाचनकट्ट्यावर एकदा बारावीतला एक मुलगा दोमेकीविषयी सांगत होता की, शिझुका धनुर्विद्येच्या पथकात आहे, कमी बोलतो आणि भरपूर खातो. समोर बसलेली सहावीतली मुलगी भडंगाचा घास हातात तसाच धरून म्हणाली, "दादा, शिझुका पोरगीच असती की!" त्यावर तो म्हणाला, "अगं, हा वेगळा शिझुका. आडनाव दोमेकी." तिला ते पटले नाही, कारण तिने आजवर पाहिलेली शिझुका फ्रॉक घालत होती. या ठिकाणी वहीच्या शेवटच्या पानावरची खऱ्या व्यक्तींची यादी कामाला येते. २००६ च्या तोरिनो हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगचे सुवर्णपदक जिंकणाऱ्या खेळाडू आराकावा शिझुका आणि २००९ साली जपानच्या मंत्रिमंडळात वित्तीय सेवा खात्याचे मंत्री झालेले राजकारणी कामेई शिझुका या दोघांची नावे शांत आणि सुगंध या चिन्हांनीच, म्हणजे डोरेमॉनमधल्या शिझुकासारखीच लिहिली जातात, आणि त्यांतील एक स्त्री आहे तर एक पुरुष. तेव्हा 'तो/ती' यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो कथा पाहून भरावा, नाव पाहून नव्हे. मराठीत क्रियापदालाच लिंग चिकटलेले असल्याने, नुसती नावे वाचून लेख लिहू पाहणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

भाषांतरात बदललेल्या नावांचा रकाना आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे, कारण आपले प्रेक्षक कधी हिंदी, कधी इंग्रजी आणि कधी जपानी आवाजात तीच मालिका पाहतात. डोरेमॉन २०१४ साली अमेरिकेत दाखवताना तेथील आवृत्तीत शिझुकाचे नाव 'स्यू' करण्यात आले आणि नोबिताचे 'नोबी'. हिंदीत ही नावे मूळचीच राहिली, ही आपल्या दृष्टीने सोयीची गोष्ट झाली. 'यु-गि-ओ!' या ताकाहाशी काझुकी यांच्या १९९६ साली सुरू झालेल्या मांगातील प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे, म्हणून त्याची नोंद येथे पूर्ण देतो. कृती : यु-गि-ओ. मूळ माध्यम : मांगा. आडनाव : कावाई. नाव : शिझुका, शांत आणि सुगंध या दोन चिन्हांनी. नाते : जोनोउची कात्सुया याची धाकटी बहीण. आडनावातील फरकाचे कारण : आईवडिलांचा घटस्फोट झाल्यामुळे भाऊ वडिलांकडे आणि बहीण आईकडे राहते. इंग्रजी आवृत्तीतील नाव : सेरेनिटी व्हीलर, तेथे भावाचे आडनावही व्हीलरच केले आहे, त्यामुळे इंग्रजीतून पाहणाऱ्याला दोघांची आडनावे वेगळी आहेत हे कळतच नाही. ओळखीची खूण : डोळ्यांचा आजार, आणि शस्त्रक्रियेच्या पैशांसाठी भाऊ स्पर्धेत उतरतो. एवढी नोंद असली की इंग्रजीतून मालिका पाहिलेला आणि जपानीतून पाहिलेला असे दोघेही एकाच पात्रापाशी येऊन पोचतात. अर्थात 'सेरेनिटी' आणि 'स्यू' यांच्या नावानेही वहीत एकेक छोटी ओळ टाकावी आणि पुढे 'शिझुका पाहा' लिहावे.

हाक मारण्याच्या नावांचा रकाना पुष्कळांना अनावश्यक वाटतो. मला तो अत्यावश्यक वाटतो. मूळ मांगात नोबिता शिझुकाला 'शिझु-चान' म्हणून हाक मारतो; 'चान' हा नावापुढे लाडाने लावायचा प्रत्यय आहे. 'दुरारारा!!'मध्ये मात्र 'शिझु-चान' ही हाक हेइवाजिमा शिझुओ या भडक डोक्याच्या, रस्त्यावरचे खांब उपटून फेकणाऱ्या माणसाला उद्देशून आहे आणि त्याचा वैरी ओरिहारा इझाया त्याला खिजवण्यासाठी ती मारतो. ज्याच्या वहीत हाकेचा रकाना नाही, तो 'शिझु-चान' असे ऐकून शिझुकाच्या पानावर शोधत राहील आणि ती व्यक्ती तेथे कधीच सापडणार नाही. 'शिरोबाको'तील साकाकी शिझुकाला मैत्रिणी 'झुका-चान' म्हणतात, म्हणजे नावाचा आरंभच गळून गेला आहे. 'किनो नो ताबी'मधील शिझु हा तलवार बाळगून फिरणारा तरुण आहे आणि 'तेन्सुरा' या संक्षिप्त नावाच्या मालिकेतील शिझु ही इझावा शिझुए नावाची स्त्री आहे. या दोघांचाही शिझुकाशी संबंध नाही.

हाच धागा धरून जवळच्या उच्चाराच्या नावांकडे यावे. देवनागरीत 'शिझुका' आणि 'शिझुकु' यांत शेवटच्या मात्रेचाच फरक आहे आणि घाईच्या अक्षरात काना व उकार यांची गल्लत सहज होते. शिझुकु हे स्वतंत्र नाव आहे. १९९५ च्या, स्टुडिओ जिब्लीच्या 'मिमी ओ सुमासेबा'ची नायिका त्सुकिशिमा शिझुकु आणि 'हंटर × हंटर'मधील, कोळी या किड्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टोळीतली शिझुकु ही त्याची उदाहरणे आहेत. शिझुरु, शिझुने आणि शिझुओ हीही अशीच शेजारची नावे. यांची पात्रे मुख्य यादीत मिसळू नयेत. एका स्वतंत्र पानावर फक्त नाव आणि कृती एवढे लिहावे, म्हणजे चुकून आलेल्या वाचकाला योग्य वाट दाखवता येते. याहून जास्त श्रम त्या पानावर खर्च करण्याचे कारण नाही.

एकच पात्र अनेक ठिकाणी दिसते, तेव्हा नोंदी किती कराव्यात, हा प्रश्न नवख्या नोंदकर्त्याला पडतो. नियम सोपा आहे : जन्मस्थान एक असेल तर नोंद एक. डोरेमॉनची मांगा डिसेंबर १९६९ मध्ये विक्रीस आलेल्या, जानेवारी १९७० च्या शालेय मासिकांच्या अंकांतून सुरू झाली, दूरचित्रवाणीवर ती १९७३ मध्ये, पुन्हा १९७९ मध्ये आणि नव्या रूपात २००५ मध्ये आली. या सर्वांतील शिझुका एकच आहे. फरक आवाजांचा आहे. १९७९ च्या मालिकेत नोमुरा मिचिको यांनी आणि २००५ पासून काकाझु युमी यांनी तिला आवाज दिला, ही माहिती त्याच नोंदीत लिहावी. कथेतील भविष्यकाळात तिचे नोबिताशी लग्न होते आणि ती नोबी शिझुका होते, म्हणून 'नोबी शिझुका' या नावापुढेही 'मिनामोतो पाहा' एवढी ओळ हवी. तिच्या ओळखीच्या खुणेत गरम पाण्याच्या स्नानाची आवड लिहिण्याची प्रथा आहे. त्याऐवजी तिचे व्हायोलिनवादन लिहावे असे मला वाटते, कारण मिरजेच्या तंतुवाद्य-कारागिरांनीही कानांवर हात ठेवावेत असे ते आहे आणि एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

याउलट, जे पात्र मांगात मुळीच नाही आणि केवळ अ‍ॅनिमेसाठी घडवले आहे, त्याची नोंद करताना मूळ माध्यमाच्या रकान्यात स्पष्टपणे 'फक्त अ‍ॅनिमे' असे लिहावे. 'नारुतो शिप्पुदेन'मध्ये नादेशिको नावाच्या गावाची प्रमुख असलेली एक शिझुका एका भागापुरती येते, आणि ती मूळ मांगात नाही. मांगाच वाचणारे आणि अ‍ॅनिमेच पाहणारे यांच्यातले निम्मे वाद या एका शेऱ्याने मिटतात.

आता वहीची मांडणी. पुष्कळ जण अशा नोंदी चिन्हांच्या प्रकारानुसार लावतात, म्हणजे शांत-सुगंधवाल्या एका गटात आणि एका चिन्हाच्या दुसऱ्या गटात. दिसायला ते सुबक दिसते, पण वापरायला गैरसोयीचे होते, कारण विचारायला येणाऱ्याला चिन्ह ठाऊक नसते, त्याला मालिकेचे नाव ठाऊक असते. शिवाय चिन्हे सारखी असली तरी पात्रे वेगळी असतात, हे आपण मिनामोतो, मारिकावा आणि मोगामी यांच्या बाबतीत पाहिलेच. म्हणून मुख्य क्रम कृतीच्या नावाचा ठेवावा, त्याखाली आडनाव, त्याखाली मूळ लेखन. एखाद्याने येऊन 'शिझुका कोण?' असे विचारले, तर त्याला आधी 'कुठे पाहिलीस?' हे विचारावे आणि त्यालाच आठवत नसेल तर 'तिला दुसरे कोण काय म्हणून हाक मारते?' हे विचारावे. चेहरा, केसांचा रंग किंवा पोशाख यांवरून शोधायला जाऊ नये, कारण गप्प, लांब काळ्या केसांच्या मुली अ‍ॅनिमेत पायलीला पन्नास आहेत.

वहीसाठी हरभट रोडवरच्या कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणारे, आडव्या पानांचे जाड रजिस्टर पुरेसे होते. उभ्या पानात एवढे सगळे रकाने कोंबले की मूळ लिपीचा रकाना अरुंद होतो आणि चौदा रेघांचे चिन्ह शाईच्या ठिपक्यासारखे दिसू लागते. त्या रकान्याला किमान दोन बोटे रुंदी द्यावी. हाताने लिहिण्याचा आग्रह मी पहिल्या मसुद्यापुरताच धरतो, कारण चिन्ह एकदा हाताखालून गेले की दुसऱ्या वेळी ते चटकन ओळखता येते. त्यानंतर सर्व नोंदी संगणकाच्या तक्त्यात भरून एक प्रत ऑनलाइन ठेवावी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या कागदांचे काय झाले, हे सांगलीकरांना निराळे सांगायला नको. तक्त्याचा आणखी एक लाभ असा की, एकाच यादीला कधी कृतीनुसार, कधी वर्षानुसार आणि कधी लेखनप्रकारानुसार लावून पाहता येते आणि मांडणीचा वर सांगितलेला वाद आपोआप निकालात निघतो.

ज्या नोंदीचा पुरावा अजून हाती आलेला नाही, ती पेन्सिलीने लिहावी आणि तक्त्यात तिला राखाडी रंग द्यावा. नावाचा उच्चार ऐकला आहे पण लेखन पाहिलेले नाही, अशा वेळी लेखनाचा रकाना सरळ कोरा ठेवावा. नेहमीचे चिन्ह असेल असे धरून तेथे शांत-सुगंध लिहून टाकणे, ही या कामातली सर्वांत वाईट सवय आहे. कोरा रकाना भरता येतो, चुकीने भरलेल्या रकान्याकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

वही मुलांच्या हाती पडणार असेल, तर शेवटी एक रकाना वयाचा ठेवावा आणि तो मनापासून भरावा. 'हायस्कूल ऑफ द डेड' ही रक्तपाताने आणि अंगप्रदर्शनाने भरलेली, मोठ्यांसाठीचीच मांगा आहे. 'ताकोपी नो गेन्झाई'ची अडचण अधिक फसवी आहे, कारण गोड चेहऱ्याचा परग्रहवासी, त्याच्याजवळची गमतीची साधने आणि शिझुका नावाची शाळकरी मुलगी हे सर्व पाहून पालकांना ते डोरेमॉनच्या जातीचे वाटते, आणि प्रत्यक्षात त्यात शाळेतील छळ व घरातील हिंसा यांचे फार कठोर चित्रण आहे. २०२५ मध्ये त्यावर अ‍ॅनिमे आल्यापासून हे नाव मुलांच्या कानांवरही पडू लागले आहे. माझ्या मते अशा नोंदी वहीतून काढून टाकू नयेत, कारण मग कोणी विचारल्यावर उत्तर राहत नाही. मोठ्यांच्या प्रतीत त्या पूर्ण ठेवाव्यात आणि मुलांच्या प्रतीत त्या जागी कृतीचे नाव, आडनाव आणि 'घरच्यांना विचारून पाहावे' एवढा शेरा लिहावा.